गाण्यांचे महिन्याला ५६६, आणि वर हेडफोनचा हप्ता?

प्रश्न : मी ४७ वर्षांचा, बुटीबोरीच्या एका कारखान्यात सुपरवायझर. नागपुरातल्या मनीषनगरहून कंपनीच्या बसने जाऊन-येऊन रोज दोन तास जातात, तेवढ्यात गाणी ऐकतो. माझं स्पॉटिफाय १९९ चं आहे. बायकोच्या फोनवर १४९ चं यूट्यूब प्रीमियम. मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या वसतिगृहात. तिचं विद्यार्थ्यांसाठीचं स्पॉटिफाय ९९ चं, तेही माझ्याच कार्डातून. दहावीतल्या मुलाने कुठल्याशा अ‍ॅपचा फुकटचा महिना घेतला होता, त्याचे आता दरमहा ११९ कटतात. आई ७४ वर्षांची. ती जुन्या फोनवर साध्या यूट्यूबवर अभंग ऐकते आणि जाहिरातींना वैतागते. मुलगा म्हणतो, स्पॉटिफायचं २९९ चं प्लॅटिनम घ्या, त्यात लॉसलेस, म्हणजे काहीही न गाळलेला आवाज, येतो. आणि त्यासाठी १२,००० चे ब्लूटूथ हेडफोन नो-कॉस्ट ईएमआयवर. बायको म्हणते, हे सगळं बंद करा आणि ५०० ची एसआयपी करा. कोणाचं ऐकू?

उत्तर : भाऊ, तुमच्या पत्रात आकडे पुष्कळ आहेत, बेरीज मात्र कुठेच नाही. ती आधी करू. १९९, १४९, ९९ आणि ११९ मिळून महिन्याला ५६६, म्हणजे वर्षाला ६,७९२ रुपये. जीएसटी त्यातच आला. चारही रकमा चार वेगळ्या तारखांना कटत असणार, म्हणून त्या एका ओळीत कधी दिसल्या नाहीत. माझ्याकडे पैशांचा सल्ला घ्यायला येणाऱ्या बहुतेक घरांची हीच गत असते. विम्याचा हप्ता तोंडपाठ असतो, दोनशेच्या आतलं काही आठवत नाही.

वहिनींचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला रोज कोणीतरी ऐकवतं. दरमहा ५०० ची एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडातला ठरावीक हप्ता, दहा वर्षं चालवली तर तुमचे ६०,००० जातील, आणि वर्षाला १० टक्के परतावा धरला तर हाती साधारण १ लाख ३ हजार येतील. परताव्याची हमी नाही, हे सांगणं माझ्या धंद्यात बंधनकारकही आहे आणि खरंही. हिशेब बरोबर आहे. पण तोच हिशेब रविवारच्या तर्री-पोह्यांनाही लागू पडतो आणि सावजीच्या ताटालाही. रोज दोन तास कंपनीच्या बसमध्ये बसणाऱ्या माणसाची गाणी काढून घेऊन कोणाची म्हातारपणाची सोय झालेली मी पाहिलेली नाही. वहिनींचं बोट चुकीच्या खर्चावर आहे, पण शंका रास्त आहे. पैसा वाया जातोच आहे, फक्त दुसरीकडून.

तो जातो कुठून ते बघा. यूट्यूब प्रीमियम घेतलं की यूट्यूब म्युझिक त्याच पैशात येतं. वहिनींच्या फोनमध्ये गाण्यांचं पूर्ण अ‍ॅप, बिनजाहिरातीचं आणि डाउनलोडसकट, पडून आहे. बहुधा त्यांनी ते उघडलंही नसेल, कारण त्यांना व्हिडिओतल्या जाहिराती नको होत्या, एवढंच. आणि त्याच घरात गाण्यांसाठी तुम्ही वेगळे १९९ आणि मुलगा वेगळे ११९ भरता. यूट्यूबने ऑगस्ट २०२४ मध्ये दर वाढवले : एकट्याचं १२९ चं १४९ झालं आणि कुटुंबाचं १८९ चं २९९. वाढ मोठी आहे, तरी तुमच्या घराला कुटुंबाचाच प्लॅन परवडतो, कारण घेणारा आणि त्याच्यासोबत आणखी पाच जण त्यात बसतात. तुम्ही, वहिनी, मुलगा आणि आई, चौघं एका छताखाली. तुमचे १९९, वहिनींचे १४९ आणि मुलाचे ११९ मिळून ४६७ होतात. त्याऐवजी २९९.

मुलीला यात घालू नका. कुटुंबाच्या प्लॅनची अट एकाच घरात राहण्याची आहे, आणि ती पुण्याला. ‘सगळेच करतात’ हे मला ठाऊक आहे. पण उद्या कंपनीने तपासणी कडक केली की परीक्षेच्या आदल्या रात्री ‘बाबा, गाणी बंद झाली’ असा फोन तुम्हालाच येणार. तिचं ९९ चं राहू द्या. यूट्यूबचं विद्यार्थ्यांसाठीचं ८९ ला मिळतं, पण दहा रुपयांसाठी मैत्रिणींसोबत केलेल्या प्लेलिस्ट सोडायला लावणं मला तरी पटत नाही.

म्हणजे एकूण ३९८, वर्षाला ४,७७६. वाचले २,०१६. फार नाहीत. पण त्यात आईंच्या जाहिरातीही गेल्या, आणि माझ्या मते तुमच्या घरातली खरी गरज तीच होती. बाकी चौघांनी आपापली सोय करून घेतली. ज्या बाईला विठ्ठलाच्या मधोमध गुळगुळीत आवाजात गृहकर्ज विकलं जातं, तिच्यावर मात्र महिन्याला शून्य रुपये खर्च होत होते.

मुलाचा २९९ चा पर्यायही मांडून बघू, नाहीतर तो म्हणेल बाबांनी सल्लागाराकडून निकाल लिहून आणला. स्पॉटिफाय भारतात २०१९ मध्ये आलं तेव्हा एकट्याचं ११९ ला होतं. ऑगस्ट २०२५ मध्ये १३९ झालं आणि नोव्हेंबरमध्ये त्याच्या तीन पायऱ्या केल्या : लाइट १३९, स्टँडर्ड १९९, प्लॅटिनम २९९. सगळ्यांत खालच्या पायरीवर डाउनलोड नाही, सगळ्यांत वरच्या पायरीवर लॉसलेस आहे आणि तिघांना चालतं. तुमच्याकडे प्लॅटिनम घेतलं तर तुमचे आणि मुलाचे पैसे थांबतात, पण वहिनींचं १४९ सुरूच राहतं, कारण यूट्यूबवरच्या जाहिराती स्पॉटिफाय कशाला काढेल? २९९, १४९ आणि ९९ मिळून ५४७. म्हणजे आजच्यापेक्षा १९ रुपये कमी, आणि वर बारा हजारांचे हेडफोन.

आता त्या हेडफोनकडे. लॉसलेस म्हणजे आवाज दाबताना त्यातलं काहीच गाळलेलं नसतं. साध्या ब्लूटूथवरून तो तसाच्या तसा जातच नाही; फोन तो पुन्हा दाबतो आणि मग हेडफोनला पाठवतो. अ‍ॅपलने स्वतःच्या ब्लूटूथ एअरपॉड्सबद्दल हेच सांगितलेलं आहे. लॉसलेस खरंच ऐकायचं तर वायरचे हेडफोन लागतात. म्हणजे मुलगा वरच्या पायरीचे पैसे मागतोय आणि सोबत असं यंत्र मागतोय, ज्यात ती पायरी पोचतच नाही. त्याला हे शांतपणे सांगा. दहावीच्या विज्ञानाचा पोरगा आहे, कळेल.

शिवाय हे नागपूर आहे. मार्चपासून जूनपर्यंत आपल्या घरात खिडकीत कूलर असतो. त्याच्या घरघरीत लॉसलेस काय नि साधं काय! तुमच्या बसमध्ये वर्धा रोडवरच्या ट्रकांचे हॉर्न असतात, तिथेही तेच. डेटाचं म्हणाल तर ३२० केबीपीएसवर (आवाजाच्या दर्जाचं माप, सेकंदाला किती डेटा) तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, तुमच्या दोन तासांचे २८८. रोज दीड जीबीचा रिचार्ज असेल तर डाउनलोडचीही तशी गरज नाही. रेंज जाते तेवढ्या पट्ट्यापुरतं कामी येईल. यूट्यूब म्युझिकचा वरचा दर्जा २५६ चा आहे, तुमच्या आजच्या ३२० पेक्षा आकड्याने कमी. बसमध्ये हा फरक तुम्हाला कळणार नाही, मलाही कळत नाही.

नो-कॉस्ट ईएमआयबद्दल चार शब्द जास्त लिहितो, कारण पत्रातला सगळ्यांत मोठा खर्च तोच आहे. शून्य टक्के व्याजाच्या योजनांना रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच मनाई केली. आज जे मिळतं त्यात बँक व्याज लावतेच; दुकानदार तेवढी सूट आधी देतो, म्हणून कागदावर व्याज दिसत नाही. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच कार्डावर पडतो, वर प्रोसेसिंग फी आणि फीवरचा जीएसटी. आणि रोख घेणाऱ्याला बर्डीच्या बाजारातल्या दुकानात जी घासाघीस करता येते, ती हप्तेवाल्याला करता येत नाही. सहा महिने दरमहा २,०००. वहिनींना ५०० ची एसआयपी हवी असेल तर ती याच दोन हजारांतून काढा, गाण्यांमधून नको.

मुलाचे ११९ कसे सुरू झाले यावरून त्याला फार रागावू नका. एका ध्यानधारणेच्या अ‍ॅपने माझ्या कार्डातून अकरा महिने पैसे काढले. सात दिवस फुकट म्हणून घेतलं होतं, ध्यान दोनदाच केलं. लोकांना हिशेब शिकवणाऱ्या माणसाची ही कथा, बाहेर सांगू नका. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं की पैसे थांबतात, असं मलाही तेव्हा वाटलं होतं. थांबत नाहीत. यूपीआय असेल तर यूपीआयच्याच अ‍ॅपमधल्या ऑटोपेमध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे काढण्याची परवानगी) रद्द करायचा, कार्ड असेल तर बँकेच्या अ‍ॅपमध्ये. पैसे कटण्याच्या किमान २४ तास आधी बँकेने कळवायचं, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, आणि तो मेसेज तुम्हाला येतही असेल. पण १५,००० रुपयांपर्यंतच्या अशा वसुलीला दर वेळी ओटीपी लागत नाही, म्हणून आपण वाचत नाही. सदस्यत्व घेणं सोपं आणि सोडणं अवघड करून ठेवणं, याला केंद्र सरकारच्या नोव्हेंबर २०२३ च्या नियमावलीत अनुचित व्यापारी प्रथांमध्ये धरलंय. तरी बटण शोधायचं काम शेवटी आपलंच.

बदल करताना क्रम पाळा. आधी वहिनींचं १४९ चं बंद न करता तेच कुटुंबाच्या प्लॅनवर न्या. शक्यतो ब्राउझरमधून, आयफोनच्या अ‍ॅपमधून घेतलं तर जास्त पडतं. घेण्याआधी त्या दिवशीचा दर बघा. शेजारी ८९ चं प्रीमियम लाइट दिसेल, तिकडे वळू नका. त्यात गाण्यांवरच्या जाहिराती तशाच राहतात. एका गुगल कुटुंबातून (प्लॅनमधल्या खात्यांच्या गटातून) निघून दुसऱ्यात जायचं तर बारा महिन्यांतून एकदाच जाता येतं, म्हणून कोणी आधीच कुठल्या भावाच्या किंवा मामाच्या कुटुंबात अडकलेलं नाही ना, हे विचारून घ्या. आईंच्या जुन्या फोनवर त्यांचं स्वतःचं खातं उघडा, मुलाचं टाकू नका. नाहीतर अभंगांच्या मागे रॅप लागेल. सगळं नीट चालतंय असं महिनाभर दिसलं की मग तुमचं स्पॉटिफाय बंद करा. त्याआधी आवडीच्या गाण्यांची यादी कुठेतरी उतरवून ठेवा. गाणी ऐकवणारं रेसो जानेवारी २०२४ मध्ये भारतातून गेलं, तसंच विंक त्याच वर्षी बंद झालं, आणि मार्च २०२३ मध्ये झी म्युझिकशी करार न जुळल्याने स्पॉटिफायवरून कित्येक हिंदी गाणी एका रात्रीत दिसेनाशी झाली होती. भाड्याच्या घरात भिंतीला खिळे जरा जपून ठोकावेत. म्हणूनच वर्षभराचे पैसे एकदम भरण्याची सूट दिसली तरी पहिले तीन-चार महिने महिन्याचंच ठेवा.

आईंना टचस्क्रीन जमत नसेल तर हे सगळं त्यांच्यापुरतं फुकट जाईल. बोटं कोरडी पडली की फोन ओळखत नाही, हे माझ्या घरी रोजचं आहे. मग बटणांचा रेडिओच बरा. आकाशवाणी नागपूर १९४८ पासून आहे आणि पैसे मागत नाही. आधीच गाणी भरलेले कारवांसारखे डबेही मिळतात, एकदाच खर्च. आधी महिनाभर त्यांचा हात फोनवर कसा चालतो ते बघा.

आणि मुलासाठी एक काम. तुमचं स्पॉटिफाय बंद करण्याआधीच्या रविवारी, घरात आज जे इअरफोन असतील तेच त्याच्या कानात द्या आणि तोंड भिंतीकडे करायला सांगा. मुलगी सुट्टीला आलेली असेल तर फोन तिच्या हातात. तिने स्पॉटिफायच्या सेटिंगमध्ये आवाजाचा दर्जा १६० आणि ३२० आलटून-पालटून लावायचा, एकच गाणं दहा वेळा, आणि त्याने ओळखायचं. कूलर बंद ठेवा, तेवढी सवलत त्याला देऊ. दहापैकी नऊदा बरोबर निघालं तर मला पुन्हा लिहा, वायरच्या हेडफोनचा हिशेब नव्याने मांडू.