चुन्याच्या टाकीवर नवीन लागलायस? आधी एवढं सांभाळ

निपाणी-चिकोडीकडच्या साखर कारखान्यात चुन्याच्या टाकीवर लागलायस म्हणजे अख्खा गळीत हंगाम कॅल्शियम ऑक्साइडशी, म्हणजे न विझवलेल्या चुन्याशी गाठ. घाबरू नकोस भावा. ही पूड पाण्याला भेटली की जाम तापते, आणि घाम, डोळा, ओला हात हेही तिच्या दृष्टीनं पाणीच.

- टाकीत आधी पाणी, मग चुना. थोडा थोडा, ढवळत. उलटं केलंस तर चुना जागीच उकळून अंगावर उडतो. नवखे इथंच भाजतात.
- साधा चष्मा चालत नाही. चारी बाजूंनी बंद गॉगल, एन-९५ मास्क, रबरी हातमोजे. पँट बुटात खोचू नकोस, पूड आत शिरते.
- अंगावर सांडली तर आधी कोरडीच झटक, मग भरपूर पाणी. डोळ्यात गेली तर क्षणही न दवडता पापणी उघडी धरून किमान २० मिनिटं पाणी मार, आणि थेट दवाखाना. लिंबू-व्हिनेगरचा शहाणपणा नको.

पोती जमिनीपासून उंच, कोरड्यात ठेव. ओल लागली की पोतं फुगून फुटतं, शेजारचा गोणपाट पेटूही शकतो. अ‍ॅल्युमिनियमची बादली तर नकोच, ओल्या चुन्यानं त्यातून हायड्रोजन हा पेट घेणारा वायू सुटतो.

चुन्याच्या दुधाचं, म्हणजे पाण्यात कालवलेल्या चुन्याचं बोमे (दाटपणाचं माप) किती ठेवायचं ते नंतर बघू.