क्लास न लावता, आईच्या जुन्या मशीनवर उन्हाळ्याचे सैल सुती कपडे शिवता येतील का?

येतील. मी शिवतो. वय ४४, पोटापाण्याला नोकरी, शिवणाचा एकही क्लास केलेला नाही, आणि गेले चार उन्हाळे मी स्वतः शिवलेल्या कुर्त्या-पायजम्यांवर काढले आहेत.

तुम्ही लिहिलंय की आईचं पायमशीन धूळ खात पडलंय, शाळेतल्या शिवणाच्या तासाला रुमालापलीकडे मजल गेली नाही, आणि बाजारातून 'कॉटन' म्हणून आणलेले कुर्ते एप्रिलमध्येच पाठीला चिकटायला लागतात. ब्लाऊजपासून सुरुवात करू की कुर्त्यापासून, असंही विचारलंय.

ब्लाऊज नको. ब्लाऊजमध्ये पाव इंच चुकलं तर ते दुसऱ्याला दिसतं आणि तुम्हाला टोचतं. उन्हाळी कपडा याच्या अगदी उलट. तो सैलच हवा असतो, आणि सैल कपडा चुका पोटात घालतो. मला हे उशिरा कळलं. मी आधी कॉलरचा शर्ट करायला गेलो होतो. तो अजून कपाटात आहे, एका बाहीचा.

मी नागपूरचा. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि नवतपा (मे अखेरीचे नऊ कडक उन्हाचे दिवस) लागला की दुपारी रस्त्यावर कुत्रं दिसत नाही. अशा हवेत शरीर गार ठेवायचं काम घाम करतो, पण तो सुकला तर. कापूस एरवीच्या हवेतसुद्धा आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के ओल धरून असतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. म्हणून सुती कापड घाम टिपून घेतं, आणि कापड व अंग यांच्यामध्ये हवा खेळायला जागा असेल तर तो उडून जातो. ही जागा म्हणजेच सैलपणा. कापड कितीही उत्तम आणलं आणि कपडा अंगाबरोबर बेतला, तर काही उपयोग नाही. आणखी एक, उन्हात जायचं असेल तर बिनबाह्यांपेक्षा सैल पूर्ण बाही बरी. आमच्याकडे शेतावर काम करणारी माणसं उगाच अंगभर कपडा घालत नाहीत. कोकणात किंवा मुंबईत असाल तर गोष्ट थोडी वेगळी. तिथे घाम लवकर उडतच नाही, तेव्हा कापड जितकं विरळ विणीचं तितकं चांगलं.

कापड घेताना दुकानदार 'कॉटनच आहे, इस्त्रीसुद्धा लागत नाही' म्हणाला की समजायचं, त्यात पॉलिस्टर आहे. निव्वळ सुती कापड मुठीत चुरगाळलं की चुरगळलेलंच राहतं. शंका असेल तर कडेचे चार धागे घरी आणून चिमट्यात धरून जाळा. सूत कागदासारखं जळतं, कागद जळल्याचाच वास येतो आणि राख बोटांनी उडते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. नावं लक्षात ठेवायची तर: मलमल आणि वायल अंगाला सर्वांत हलकी, पण मशीनखाली पळतात. कॅम्ब्रिक थोडं अंग असलेलं, नवशिक्याच्या हाताला सोसणारं. बाजारात लिझीबिझी म्हणून जे मिळतं ते रेयॉन. घालायला छान, पण कापताना पाण्यासारखं घसरतं, धुतल्यावर आटतं. पहिल्या वर्षी त्याच्या वाटेला जाऊ नका. खादी मला फार आवडते. हातानं कातलेल्या सुतात थोडा खडबडीतपणा असतो आणि तेच कापड अंगापासून किंचित सुटं ठेवतं. मी वर्ध्याच्या मगन संग्रहालयातून आणतो, बाकी सगळं इथल्या गांधीबागेतून. पुण्यात रविवार पेठ, मुंबईत मंगलदास मार्केट. आणि सरावासाठी मांजरपाट, म्हणजे साधं कोरं सुती कापड, तोही दोन-तीन मीटर घेऊन ठेवा.

घरात जुनी सुती साडी असेल तर मात्र आधी तिच्याकडे बघा. वीस वर्षं धुतलेल्या साडीइतकं मऊ कापड कुठल्याच दुकानात नाही. ती आटायची तेवढी आधीच आटलेली असते. फक्त उजेडासमोर धरून विरलेली जागा बघून घ्यायची आणि तेवढी टाळून बेतायचं.

नवं कापड असेल तर ते रात्रभर पाण्यात घालून, न पिळता वाळवून, इस्त्री करूनच कात्री लावायची. सुती कापड पहिल्या धुण्यात शंभराला तीन ते पाच इंच सहज आटतं. मी एकदा कंटाळा केला. गुडघ्याखाली येणारा कुर्ता दोन धुण्यांत गुडघ्यावर आला.

आता मशीन. तेल द्या, पट्टा सैल झाला असेल तर बदला, आणि सुई नवीनच घाला. पातळ कापडाला ११ नंबर, फारच तलम असेल तर ९. जुनी सुई काढायच्या आधी तिची चपटी बाजू कोणत्या अंगाला आहे हे बघून ठेवा, मी न बघता काढली आणि अर्धा दिवस टाकाच पडेना. दोरा न ओवता, एकरेघी वहीच्या पानावर रेघेवरून सुई चालवायचा सराव करा. पायमशीनचं चाक उलटं फिरलं की दोरा तुटतो, म्हणून सुरुवात दर वेळी हातानं चाक आपल्याकडे फिरवून करायची. दोन-तीन संध्याकाळी एवढंच करा. आणि एक गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता झाला की आपण बॉबिनला शिव्या देतो, पण दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. दाबाचा पाय वर करून तो दोरा पहिल्यापासून पुन्हा ओवा. दहापैकी आठ वेळा तेवढ्यानं भागतं.

पहिला कपडा नाडीचा पायजमा. माप घेऊ नका. तुम्हाला नीट बसणारा एखादा जुना, टाकायला झालेला पायजमा घ्या आणि तो उसवा. सावकाश, एकेक टीप. शेवटी मारलेली टीप आधी उसवली जाते, म्हणजे कपडा कोणत्या क्रमानं शिवला होता ते तुम्हाला उलट्या बाजूनं वाचता येतं. आधी नेफा (नाडी ओवायची पट्टी) सुटेल, मग आसन (दोन पाय जिथे जुळतात ती शिवण), मग पायांच्या आतल्या शिवणी. सुटलेले तुकडे इस्त्री करून वर्तमानपत्रावर ठेवायचे, कडेनं पेन फिरवायचं, झाला तुमचा नमुना. शिवणीची माया त्यात आलेलीच असते. (माया हा शब्द मला शिवणकामातच नव्यानं कळला. शिवणीबाहेर सोडलेलं अर्धा इंच कापड. जास्त ठेवली तर पुढे कपडा सैल करता येतो.)

इथे माझी फजिती सांगतो. फुलाफुलांचं कापड होतं. वाचवावं म्हणून मी एकेरी कापडावर नमुना ठेवून एक पाय कापला, मग कागद तसाच सरकवून दुसरा. शिवायला बसलो तर दोन्ही पाय डाव्या अंगाचे. आसनाची मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच असते, त्यामुळे एक पाय उलटल्याशिवाय जोडी जमेना, आणि उलटला की फुलं आत. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक म्हातारे टेलर बसतात, त्यांच्याकडे ते घेऊन गेलो. ते हसले नाहीत. म्हणाले, "साध्या कापडाले उलटं-सुलटं नसते बाबू. शिकेपर्यंत तेच घेत जा." तेव्हापासून मी दुहेरी घडीवरच कापतो, जोडी आपोआप पडते. तो फुलांचा पायजमा मी एक पाय आतली बाजू बाहेर असाच शिवला. घरात घालतो. मुलगी त्याला फिकट पाय म्हणते.

पायजमा जमला की कुर्ता, पण गोल मुंढ्याचा, म्हणजे बाहीसाठी गोल खाच कापलेला, नाही. मुंढा कापणं आणि त्यात बाही बसवणं इथेच बहुतेक जण हात टेकतात. आपल्याकडे जुना चौकोनी बेत होता, त्यात सगळे तुकडे सरळ असतात. छाती ३६ धरू. त्यात सैलपणाचे ८ इंच मिळवले की ४४, म्हणजे पुढे २२ आणि मागे २२. मायेसाठी एक इंच धरून २३ इंच रुंदीची एकच लांब पट्टी कापायची, खांद्यावर जोड नाही. कुर्त्याची उंची ३८ हवी असेल तर दुमडीचे २ मिळवून ४०, पुढचं-मागचं धरून पट्टी ८० इंच लांब. कापडाचा पन्हा (रुंदी) ४४ असेल तर बाजूला २१ इंच रुंदीचा पट्टा उरतो. त्यातच १८ इंच घेराच्या, दुमडीसकट १२ इंच लांब दोन बाह्या बसतात, आणि बगलेतले ५ इंची दोन चौकोनही. अडीच मीटर कापड आटूनसुद्धा पुरतं, गळ्याच्या पट्टीला आणि खिशाला लागेल तेवढं उरतंही. खांदा खाली उतरल्यामुळे ही छोटी बाही कोपरापर्यंत येते.

बगलेतला चौकोन हीच या कुर्त्याची जान. तो नसेल तर हात वर केल्यावर अख्खा कुर्ता वर चढतो, घाम साठतो तोही तिथेच. बाही पट्टीला सपाट जोडून झाली की चौकोनाची एक कड बाहीच्या पुढच्या कडेला शिवायची, तिच्या शेजारची कड कुर्त्याच्या पुढच्या कडेला, आणि उरलेल्या दोन तशाच मागच्या बाजूला. मग बाहीपासून खाली सरळ टीप मारत जायचं. पहिल्यांदा डोकं चक्रावतं, म्हणून आधी मांजरपाटावर एक बगल करून बघा. कागदावरची आकृती बघून मला कळलं नव्हतं, हातात धरल्यावर कळलं.

गळा. कुर्ता आडवा-उभा घडी घालून चौपदरी केला की कोपऱ्यावर गळा येतो. मला ६ इंच रुंद गळा हवा होता, मी घडीवर ६ ची खूण केली आणि कात्री चालवली. उघडलं तर १२. गळा नव्हे, विहीर! खांद्यावर राहीना. शेवटी तो कुर्ता कूलरवरचं झाकण झाला, पावसाळाभर तिथेच होता. घडीवर नेहमी निम्मं, म्हणजे ३. मागे १ इंच खोल, पुढे साडेतीन, मधोमध ५ इंचांचा काप. आणि ठरवाल त्यापेक्षा अर्धा इंच लहानच कापा, गळा मोठा करता येतो, लहान नाही. कडेला उरेब पट्टी लावायची. कापड तिरकं, कोनात धरून कापलं की ताणतं, त्यामुळे ती पट्टी गोलाईवर चुणी न पडता वळते. सरळ पट्टी वळणार नाही, कितीही ओढा.

आतल्या कडांना इंटरलॉक नको. तो दोरा घामोळ्यांवर घासला की काय होतं ते तुम्हाला माहीत असेल. पातळ कापडाला मी फ्रेंच शिवण घालतो: आधी सुलट बाजू बाहेर ठेवून कडेला पाव इंचावर टीप, लोंबणाऱ्या दशा छाटायच्या, कपडा उलटायचा, इस्त्री फिरवायची आणि पुन्हा टीप. कापलेली कड शिवणीच्या आत बंद होते. वेळ दुप्पट लागतो, पण मे महिन्यात दुपारी आपल्याला कुठे जायचं असतं?

व्हिडिओ बघून जमतं का, तर जमतं, पण एकाच माणसाचे बघा. एक जण माया धरून माप सांगतो, दुसरा माया सोडून. दोघांचं ऐकून बेतलेला कुर्ता तिसऱ्यालाच बसतो.

खर्चाचं म्हणाल तर मला गेल्या वर्षी कॅम्ब्रिक १२० रुपये मीटरनं मिळालं, म्हणजे कुर्ता तीनशेत. कात्री मात्र चांगली घ्या, आणि तिनं कागद कापू देऊ नका, घरातल्या कुणालाही.

आणि खिसा लावा. बाजारातल्या बायकांच्या कपड्यांना तो का नसतो हे मला कधी कळलं नाही. आईसाठी मी जो पहिला गाऊन शिवला त्याला तिनं सांगून मोठा खिसा लावून घेतला. मला वाटलं मोबाईलसाठी असेल. ऊन लागू नये म्हणून तिनं त्यात कांदा ठेवला, आणि तो गाऊन घालून ती त्या टेलरकाकांकडे दाखवायला गेली. त्यांनी आधी खिशाची कड उलटून आतली शिवण बघितली, मग गळ्यावरून बोट फिरवलं. "जमलं त्याले," म्हणाले, "गळा तेवढा डावीकडे वाकडा हाये."