एलपीएस (जिवाणूंच्या आवरणातला, सूज पेटवणारा पदार्थ) दिलेल्या मॅक्रोफेजमध्ये (रोगप्रतिकारक पेशींमध्ये) नायट्रिक ऑक्साइड (सुजेत या पेशी बनवतात तो रेणू) कमी आलं, म्हणजे माझं कंपाऊंड अँटी-इन्फ्लमेटरी (सूज कमी करणारं) आहे असं म्हणू का?

लगेच नका म्हणू. मी म्हटलं होतं आणि तोंडावर पडलो होतो.

रॉ २६४.७ पेशी (उंदराच्या मॅक्रोफेज), १ तास आधी कंपाऊंड, मग एलपीएस, २४ तासांनी ग्रीस रिएजंट (नायट्राइट असलं की रंग देणारं), ५४० नॅनोमीटरला रीडिंग. ५० मायक्रोमोलरला नायट्राइट (नायट्रिक ऑक्साइडपासून बनतं ते) जवळपास शून्य! मी खूश. गाइडने फक्त एवढंच विचारलं की पेशी जिवंत होत्या का, आणि मायक्रोस्कोपखाली बघितलं तर अर्ध्याहून जास्त मरून तरंगत होत्या. मेलेली पेशी नायट्रिक ऑक्साइड कुठून बनवणार?

म्हणून आधी त्याच डोसला, तेवढ्याच वेळेला पेशी जगतायत का ते बघा. फक्त एमटीटीवर (जिवंत पेशी ज्याला जांभळं करतात त्या चाचणीवर) विसंबू नका, कारण क्वेर्सेटिनसारखे पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत वाटतात. पेशी नसलेल्या वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) कंपाऊंड घालून बघा, लगेच कळतं (रंगीत कंपाऊंड असेल तर ग्रीसलाही असाच ब्लँक लावा). नाहीतर एलडीएच (मेलेल्या पेशींतून बाहेर गळणारं एन्झाइम) मोजा.

दुसरं म्हणजे नायट्रिक ऑक्साइड कमी होणं आणि ते बनणंच कमी होणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अँटीऑक्सिडंट असेल तर तो तयार झालेलं नायट्रिक ऑक्साइड नुसतं गिळून टाकू शकतो. पेशींशिवाय सोडियम नायट्रोप्रुसाइड (स्वतः नायट्रिक ऑक्साइड सोडणारं रसायन) घेऊन तपासा, आणि आयनॉसचं (नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या एन्झाइमचं) प्रोटीन वेस्टर्न ब्लॉटवर बघा, एलायझाने टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ हे सूज वाढवणारे रेणू पण. एनएफ-कप्पाबी (सुजेची जनुकं चालू करणारं प्रोटीन) रोखल्याचा दावा करायचा असेल तर २४ तासांचं सॅम्पल उपयोगाचं नाही, आयकप्पाबीचं (त्याला अडवून धरणाऱ्या प्रोटीनचं) फॉस्फोरिलेशन एलपीएसनंतर पहिल्या काही मिनिटांतच दिसतं, १५-३० मिनिटांचे पॉइंट ठेवा.

कंट्रोलमध्ये नुसता डीएमएसओ (कंपाऊंड विरघळवायचा द्रव) हवाच, सगळ्या वेलमध्ये सारखा, शक्यतो ०.१ टक्क्याच्या आत, आणि सोबत डेक्सामेथासोन (सूज कमी करणारं माहितीतलं औषध). बऱ्याच जणांच्या डोक्यात न येणारी गोष्ट म्हणजे वनस्पतीच्या अर्कातच एंडोटॉक्सिन (म्हणजे एलपीएसच) असू शकतं, म्हणजे शांत करायला घातलेला अर्कच पेशींना भडकवतो, म्हणून एलपीएसशिवाय नुसत्या अर्काचा वेल ठेवाच.

आणि कंपाऊंड एलपीएसच्या आधी दिलंय की नंतर ते पेपरमध्ये स्पष्ट लिहा. आधी दिलं तर तुम्ही सूज रोखताय, चढलेली सूज उतरवत नाही आहात. माझ्या कंपाऊंडने नंतर दिल्यावर काहीच केलं नाही.