पालकांसोबतच्या सत्रांची नोंद आजपासूनच पक्की ठेवा

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या प्रशिक्षणात मुलांपेक्षा त्यांच्या पालकांसोबतच आपला जास्त वेळ जातो आणि हे तास पुढे मानसशास्त्रज्ञ म्हणून अधिकृत नोंदणीसाठी धरले जातील की नाही हे कोणीच नीट सांगत नाही, असे आपण लिहिले आहे. याच प्रश्नाने मला फार छळले, म्हणून सविस्तर लिहीत आहे. अभ्यासक्रम आणि प्रवेशाबद्दल आपल्याला ठाऊक असेलच.

माझा अर्ज ज्या कार्यालयात अडकला, तिथल्या नमुन्यात ‘रुग्णाचे वय’ असा एकच रकाना होता. आईवडिलांसोबतच्या सत्रांपुढे मी मुलाचे वय लिहिले होते. सत्रात मूल हजर नव्हते, एवढ्याच कारणावरून ते सगळे तास बालविभागातून वगळले गेले. कोणत्या नियमाने, असे विचारले की पुढच्या टेबलाकडे बोट दाखवले जाई आणि लेखी उत्तराची मागणी केली की दादच लागत नसे. सहा वर्षांचे मूल प्रत्येक उत्तराआधी वडिलांचा चेहरा न्याहाळत असेल, तर वडिलांशी बोलल्यावाचून त्याच्यावर उपचार व्हायचे कसे? साल्वादोर मिनुचिन यांच्यासारख्या कुटुंबोपचार तज्ज्ञांनी १९६० च्या दशकातच सगळ्या कुटुंबाला उपचारांत सामील करून घेतले होते, पण त्या रकान्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते. याचा संताप मला आजही येतो.

म्हणून प्रत्येक सत्राला कोण हजर होते, ते कोणत्या मुलासाठी होते आणि कोणती पद्धत वापरली, हे त्याच आठवड्यात लिहून पर्यवेक्षकांची सही घ्यावी. ते संस्था सोडून गेले की जुन्या सह्या मिळवणे जिकिरीचे होते. मुलाच्या नावाऐवजी सांकेतिक क्रमांक वापरावा. पालकसत्रे कशात मोजली जातात, हे नोंदणी संस्थेकडून आत्ताच लेखी मागवा. नियम देशोदेशी वेगळे असतात, त्यामुळे माझ्या अनुभवाला नियम समजू नये.

चाचण्यांची प्रमाणपत्रे जमवण्याची घाईही मला पटत नाही. बुद्धिमत्ता मोजणाऱ्या वेक्सलर मापनश्रेणीची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असते, हे कोणीही पाठ करू शकतो; त्या दिवशी मूल घाबरलेले होते की कंटाळलेले, हे मात्र शेजारी बसूनच कळते. सत्रांचे चित्रीकरण पाहून मार्गदर्शन करणारे पर्यवेक्षक मिळत असतील, तर विद्यावेतन कमी असले तरी तीच जागा घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. चित्रीकरणासाठी पालकांची लेखी संमती घ्याच, शिवाय मुलालाही त्याला समजेल अशा शब्दांत विचारा आणि त्याने नकार दिला तर कॅमेरा बंद ठेवा.