‘शौर्याने’ जरा आवर

तुझा १६६० च्या पन्हाळ्याच्या वेढ्यावरचा लेख वाचला. माहिती चोख आहे, पण जो तो ‘शौर्याने’च वागतोय. त्यामुळे बाजीप्रभू आणि शिवा काशीद एकाच साच्यातले वाटतात.

दोघांचं धाडस मुळातच निराळं. बाजीप्रभूंनी खिंड अडवून धरली, तिथे ‘नेटाने’ किंवा ‘जिवावर उदार होऊन’ शोभतं. शिवा काशीद महाराजांच्या वेशात पालखीत बसून शत्रूच्या हाती लागला. हातात लढाईच नाही, नुसतं शांत बसायचं! तिथे ‘निर्भयपणे’ चालेल, ‘धीरोदात्तपणे’ही चालेल, ‘बेधडक’ मात्र नको. बेधडक माणूस मागचापुढचा विचार करत नाही. याने तो पुरता केला होता.

समानार्थी शब्दांची यादी पाठ करण्यापेक्षा शेजारचं क्रियापद बघ. ‘छातीठोकपणे’ सांगतात, तलवार तशी चालवत नाहीत. ‘धिटाईने’ म्हटलं की मोठ्यांसमोर बोलणारं पोर डोळ्यांपुढे येतं. ‘बिनदिक्कत’ तर जपूनच वापर, लाचही बिनदिक्कत घेतात. आणि ‘बिनधास्त’ कॉलेजच्या कट्ट्यावर ठीक, मावळ्याच्या तोंडी कानाला खटकतं. ‘हिरिरीने’त उत्साह असतो, धैर्य असेलच असं नाही.

बऱ्याचदा क्रियाविशेषण सरळ खोडलेलंच बरं. ‘बाजीप्रभूंनी शौर्याने खिंड लढवली’ यातलं ‘शौर्याने’ काढून बघ, काही कमी होतं का? त्या जागी मागून येणारं सिद्दी मसूदचं सैन्य दाखव. तुझा तिसरा परिच्छेद तसा जमलाय, त्याला हात लावू नकोस.