फरक पडला की पडल्यासारखा वाटला?

प्रश्न: मला नऊ वर्षं झाली अर्धशिशी आहे. महिन्यातून पाच-सहा वेळा डोकं धरतं, सोबत मळमळ, उजेड तर अजिबात सहन होत नाही. नणंदेने फीवरफ्यू नावाच्या वनस्पतीच्या कॅप्सूल दिल्या, पहिल्या महिन्यात इतकं बरं वाटलं की विचारू नका, दुसऱ्या महिन्यात परत ये रे माझ्या मागल्या. आता औषध लागू पडलं म्हणायचं की नाही? डोस वाढवू का?

उत्तर: ताई, आधी डोस वाढवायचं डोक्यातून काढा. मला सांगा, कॅप्सूल सुरू केली तेव्हा त्रास कसा होता, अगदी वैताग आला असेल ना? तेव्हाच आपण नवीन काहीतरी घेऊन बघतो, आणि हा आजार कमी-जास्त होतच असतो, टोकाला गेलेला त्रास काही न घेताही जरा खाली येतो आणि श्रेय मात्र कॅप्सूलला मिळतं.

फीवरफ्यू अगदीच थोतांड नाहीये. १९८५ साली ब्रिटनमध्ये रोज त्याची पानं खाणाऱ्या १७ जणांना घेऊन एक चाचणी झाली, काहींना फीवरफ्यूच्या कॅप्सूल आणि काहींना न सांगता नुसत्याच बनावट. बनावटवाल्यांची डोकेदुखी आणि मळमळ वाढली! पण गंमत अशी की ते सगळे आधीपासून ही पानं खाणारे, म्हणजे रोजची सवय एकदम तुटल्यामुळेही त्रास वाढला असेल. नंतरच्या चाचण्यांचे निकालही काही एका सुराचे नाहीत.

तुम्हाला खरंच तपासायचं असेल तर डॉक्टरांना सांगून कॅप्सूल हळूहळू बंद करा, एकदम नको. मग महिनाभर फक्त वही लिहायची: डोकं कधी धरलं, किती तास राहिलं, उलटी झाली का, पडदे ओढून पडून राहावं लागलं का, पेनकिलर किती घेतल्या, पाळीची तारीख. मग परत सुरू करून तीन महिने तसंच लिहा. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तर फरक, सहाचे पाच झाले तर तो फरक नाही. आणि या काळात दुसरं काही नवीन सुरू करू नका, नाहीतर कशाने काय झालं ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही. साध्या पेनकिलर महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेत असाल तर त्यांनीच डोकं दुखत असू शकतं, ते आधी बघा.

दिवस राहिले असतील, किंवा रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर फीवरफ्यू नकोच. तोंडात फोड आले तरी थांबवा. कोणी बटरबर नावाच्या वनस्पतीचं औषध सुचवलं तर सरळ नाही म्हणा, अमेरिकेतल्या न्यूरॉलॉजिस्टांच्या संघटनेने २०१२ मध्ये त्याची शिफारस केली होती आणि २०१५ मध्ये लिव्हरच्या धोक्यामुळे ती मागेही घेतली.

आणि कधी डोकं एकदम, मिनिटभरात असह्य दुखायला लागलं, हात-पाय लुळा पडला किंवा बोलणं अडखळलं तर वही बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा.