मडकं वाजवून पाहावं तसं

प्रश्न : टीवाय बीएस्सीला मी अणुगर्भाचं कवच प्रारूप शिकवते. २०, २८, ५० या जादुई संख्या (इतके प्रोटॉन किंवा न्यूट्रॉन असले की कवच पूर्ण भरतं आणि अणुगर्भ विशेष स्थिर होतो) सांगितल्यावर एका विद्यार्थ्यानं विचारलं, ‘मॅडम, जे अणुगर्भ सेकंदभरही टिकत नाहीत त्यांनाही हा नियम लागू होतो का? आणि ते तपासायचं कसं?’ काय सांगू?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : आधी त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. नियम सरसकट लागू होत नाही, आणि हे कळलं ते गॅमा किरणांमुळे.

बाजारात आपण मडकं बोटानं वाजवून घेतो, आवाजावरून आतली चीर कळते. अणुगर्भाचंही तसंच. त्याला ऊर्जा मिळाली की खाली येताना तो ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतो. कवच पूर्ण भरलेला, गोल अणुगर्भ सहजी हलत नाही, त्याच्या पहिल्या २⁺ अवस्थेची (तळापासून वरच्या एका ठरावीक पायरीची) ऊर्जा मोठी असते. लांबुळका अणुगर्भ सहज फिरू लागतो, त्याची ऊर्जा लहान.

आता मॅग्नेशियम-३२ घ्या. आयुष्य सेकंदाच्या दहाव्या भागाहून कमी, पण न्यूट्रॉन नेमके २०. म्हणजे तो गोल आणि ताठर असायला हवा. न्यूट्रॉन तितकेच आणि प्रोटॉन दोन जास्त असलेल्या सिलिकॉन-३४ मध्ये ही ऊर्जा ३३२६ किलो इलेक्ट्रॉन व्होल्ट आहे. मॅग्नेशियम-३२ मध्ये किती? फक्त ८८५! युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत सोडियम-३२ च्या बीटा ऱ्हासातून (त्यात एका न्यूट्रॉनचा प्रोटॉन होऊन सोडियमचा मॅग्नेशियम बनतो) उमटलेली ही गॅमा किरणांची रेषा १९७९ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे जपानच्या रिकेन संस्थेत मॅग्नेशियम-३२ चा झोत शिशाच्या पत्र्यावर सोडला. शिशाच्या विद्युत क्षेत्रानं तो किती सहज उत्तेजित होतो हे १९९५ मध्ये मोजून दाखवलं, आणि तो लांबुळका असल्याची खात्री पटली. दोन प्रोटॉन काय कमी झाले, २० ची जादू गेली. इतक्या वर्षांनीही हा आकडा मला थक्क करतो.

उलटही घडतं. कॅल्शियम-५४ मध्ये न्यूट्रॉन ३४. तिथे २०१३ मध्ये रिकेनलाच २०४३ इतक्या मोठ्या ऊर्जेची रेषा मिळाली, आणि पाठ्यपुस्तकातल्या यादीत नसलेला ३४ हा आकडा तिथे जादुई ठरला.

अशा रेषा बारकाईनं वाचायला जर्मेनियमचा डिटेक्टर लागतो, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनानं थंड केलेला. रात्रपाळीत तो भरण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. कोबाल्ट-६० च्या ११७३ आणि १३३२ या तपासणीच्या रेषा पडद्यावर सुईसारख्या उभ्या राहिल्या की मगच प्रयोगासाठी कणांचा झोत मागायचा. नायट्रोजन संपला तर डिटेक्टर तापतो आणि रात्र वाया जाते. देशात असे अनेक डिटेक्टर एकत्र जोडलेली ‘इंगा’ ही रचना आहे. ती मुंबईत कुलाब्याच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत, दिल्लीत आणि कोलकात्यात आळीपाळीनं लागत आली आहे.

पाठ्यपुस्तकात जादुई संख्यांपुढे ‘स्थिर अणुगर्भांसाठी’ एवढे शब्द छापायलाच हवेत, असं माझं ठाम मत आहे. तोवर तुम्ही फळ्यावर ३३२६ आणि ८८५ शेजारी शेजारी लिहा, दोन्हींखाली ‘न्यूट्रॉन २०’ लिहा, आणि वर्गालाच कारण विचारा.